टोळी जमली, पण कशासाठी? अनेक सुपरहिरो असलेल्या अंकाचं परीक्षण

उदगीरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे: "कॉलेजच्या वार्षिकांकासाठी मी 'अव्हेंजर्स'च्या १९६३ सालच्या पहिल्या अंकाचं परीक्षण लिहिलं. सरांनी वाचून परत दिलं. म्हणाले, ही तर गोष्टच पुन्हा सांगितलीस, परीक्षण कुठंय? एकच नायक असता तर जमलं असतं. इथे पाच-पाच जण आहेत, कुणाबद्दल किती लिहायचं तेच कळत नाही. अशा अंकाकडे बघायचं कसं?" सोबत तिने तिचा मजकूरही पाठवला आहे.

तुझा मजकूर मी दोनदा वाचला. भाषा चांगली आहे, अंक मनापासून वाचल्याचंही दिसतं. पण सरांचं म्हणणं खरं आहे. चार भागांतले तीन भाग कथेत गेले आणि उरलेल्या भागात पाच नायकांना एकेक वाक्य मिळालं. पंगतीत भाजी कमी पडली की वाढपी जसा प्रत्येकाच्या पानात चमचा चमचा वाढत जातो, तसं झालं आहे. कुणी उपाशी राहिलं नाही, पण कुणाचं पोटही भरलं नाही.

कुणाबद्दल किती लिहायचं हा प्रश्न आधी बाजूला ठेव. अशा अंकाला पहिला प्रश्न एकच विचारायचा: हे सगळे एकत्र आले म्हणून असं काय घडलं, जे एरवी घडलंच नसतं? यातला एक नायक काढून घेतला तर गोष्ट कोसळते का, की तशीच पुढे चालत राहते? चालत राहिली तर तो नायक तिथे बळंच आणून बसवलेला आहे आणि ते तू लिहायला हवं. कोसळली तर कुठे कोसळते ते दाखवायला हवं. परीक्षणाचा कणा हाच. चित्रं, संवाद, रंग, शेवट या सगळ्याकडे याच प्रश्नातून बघितलंस की कुणाला किती जागा द्यायची ते आपोआप ठरतं.

आता तुझाच अंक घेऊ. मार्व्हल कंपनीचा, स्टॅन लीने लिहिलेला, जॅक कर्बीने चितारलेला. देवलोकातल्या थॉरमुळे बेटावर अडकून पडलेल्या त्याच्या सावत्र भावाला, लोकीला, सूड घ्यायचा आहे. थॉरला बाहेर काढायला त्याला एखादं संकट हवं असतं, म्हणून तो हल्कला निवडतो. रेल्वेच्या पुलावर सुरुंग असल्याचा भास तो हल्कला घडवतो. हल्क तो उचलायला झेपावतो, त्यात पूलच मोडतो, आणि मग स्वतःच्या खांद्यावर रूळ तोलून गाडी सुखरूप पार करून देतो. तरी बोभाटा हल्कने पूल पाडला असाच होतो. हे तू लिहिलं आहेस. लिहिलं नाहीस ते हे, की अख्ख्या टोळीचा जन्म एका चुकीच्या संदेशातून होतो. हल्कचा मित्र रिक जोन्स आणि त्याचे सवंगडी रेडिओवरून मदत मागतात ती फँटॅस्टिक फोर या दुसऱ्याच टोळीकडे. लोकी तो संदेश थॉरकडे वळवतो. पण थॉरला एकट्याला मिळायचा तो संदेश आयर्न मॅन, मुंगीएवढा होणारा अँट-मॅन आणि त्याची तशीच लहान होऊन उडणारी साथीदार वास्प यांनाही ऐकू जातो. म्हणजे जगातली सगळ्यांत प्रसिद्ध टोळी कुणी जमवलेलीच नाही. खलनायकाने जाळं टाकलं एकासाठी आणि त्यात चौघं आले.

ही या अंकाची सगळ्यांत मोठी ताकद आहे असं मला वाटतं. पुढे अशा शेकडो अंकांत कुणीतरी शहाणा माणूस नायकांना बोलावतो, गोल टेबलाभोवती बसवतो आणि संकट समजावून सांगतो. तिथे जमणं हे गृहीतच धरलेलं असतं. इथे जमणं हीच घटना आहे.

आता काढून घेण्याची कसोटी लाव. हल्क काढला तर गोष्टच नाही. थॉर काढला तर लोकीला कारण नाही. अँट-मॅन काढला तर? शेवट आठव. देव म्हणवणारा लोकी आपलं अंग किरणोत्सर्गी करून सगळ्यांना धमकावत उभा असतो. हातोडा असलेला थॉर, चिलखतातला आयर्न मॅन, डोंगराएवढा हल्क तिथेच आहेत आणि त्यांचं काही चालत नाही. त्याच्या पायाखालची झडप उघडतात त्या अँट-मॅनच्या मुंग्या, आणि लोकी शिशाचं अस्तर असलेल्या टाकीत जाऊन पडतो. पाच जणांत आकाराने सगळ्यांत लहान असलेल्याने सगळ्यांत मोठ्या शत्रूचा निकाल लावला. ही जागा तुझ्या परीक्षणात एका अर्ध्या वाक्यात संपली आहे. तिथे दोन परिच्छेद हवेत.

आयर्न मॅन काढला तर मात्र गोष्टीला फारसं काही होत नाही. तो हल्कशी झुंजतो, पाठलाग करतो, पण त्याच्या जागी दुसरा कुणी बलवान असता तरी चाललं असतं. आणि वास्पचं तर वाईट वाटतं. टोळीला नाव देण्याचा मान तिचा, पण त्याआधीचे तिचे बरेचसे संवाद थॉर किती देखणा आहे यावरच खर्च झाले आहेत. हा त्या काळाचा दोष आहे हे खरं, पण काळाचा म्हणून तो लिहायचा नाही असं नाही. तू मुलगी म्हणून वाचताना तुला ते खटकलं असणारच, आणि तुझ्या मजकुरात त्याचा मागमूस नाही. खटकलेलं लपवू नकोस. जे खटकलं ते अंकात नेमकं कुठे आहे हे दाखवता आलं, की तेच परीक्षण होतं.

आणखी एक गोष्ट. मुखपृष्ठावर पाचही जण मिळून लोकीला भिडताना दाखवले आहेत. आत मात्र थॉर बराच वेळ अस्गार्डमध्ये, म्हणजे त्याच्या देवलोकात, एकटा लढतो आणि बाकीचे पृथ्वीवर हल्कच्या मागे असतात. हल्क तर सर्कशीत यांत्रिक बाहुला बनून लपलेला असतो. पाचही जण एकत्र येतात ते शेवटाकडे. मुखपृष्ठाने दिलेलं वचन आतल्या पानांनी किती पाळलं, हे बघायला फार हुशारी लागत नाही. पानं उलटून मोजलं की झालं. किती चौकटींत सगळे एकत्र आहेत, किती चौकटींत दोघं, कोण नुसतं मागे उभं आहे, कोण बोलतं. कागदावर पाच रकाने आख आणि मोज. मोजलेले आकडे परीक्षणात जसेच्या तसे टाकायचे नाहीत, पण "थॉरला जास्त महत्त्व मिळालं" हे वाक्य मोजून लिहिलं तर त्याला वजन येतं. न मोजता लिहिलं तर तो फक्त समज असतो.

हीच कसोटी दुसऱ्या टोळीला लावून बघ, म्हणजे हात बसेल. डीसी या प्रतिस्पर्धी कंपनीची जस्टिस लीग (सुपरमॅन, बॅटमॅन वगैरेंची टोळी) पहिल्यांदा दिसली १९६० मध्ये, 'द ब्रेव्ह अँड द बोल्ड'च्या २८व्या अंकात. लेखक गार्डनर फॉक्स, चित्रकार माइक सेकोव्स्की. स्टारो नावाचा अवाढव्य तारामासा पृथ्वीवर चाल करून येतो. नायक वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या मोहिमांवर जातात आणि शेवटी एकत्र येतात. ही रचना फॉक्सने १९४० च्या दशकातल्या जस्टिस सोसायटी या आधीच्या टोळीच्या गोष्टींतही वापरली होती. तिचा फायदा असा की प्रत्येकाला मनमोकळी पानं मिळतात. तोटा असा की मधला बराच भाग सुट्या सुट्या छोट्या गोष्टींसारखा वाटतो. सुपरमॅन आणि बॅटमॅन या अंकात नावापुरतेच आहेत. सुपरमॅन पूर्णवेळ असता तर तारामाशाला आकाशात भिरकावून गोष्ट पाचव्या पानावर संपली असती. आणि स्टारोवरचा उपाय सापडतो तो स्नॅपर कार नावाच्या एका साध्या पोरामुळे. हिरवळीवर टाकायचा चुना त्याच्या अंगावर असतो म्हणून स्टारोची जादू त्याच्यावर चालत नाही. इथेही निकाल सगळ्यांत दुबळ्याच्या हातून लागतो. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या दोन पहिल्या अंकांत हेच व्हावं, हा मला योगायोग वाटत नाही. ताकदीची बेरीज करून टोळीची गोष्ट होत नाही, हे दोन्हीकडच्या लेखकांना कळलेलं होतं.

ताकदीत तफावत असणाऱ्यांना एकत्र आणणं हा या प्रकारातला सगळ्यांत अवघड भाग. तो लेखकाने कसा सोडवला याकडे माझं सगळ्यात आधी लक्ष जातं. १९७६ मध्ये याच दोन कंपन्यांनी मिळून सुपरमॅन आणि स्पायडर-मॅन यांचा मोठ्या आकाराचा अंक काढला. लेखक जेरी कॉन्वे, पेन्सिल रॉस अँड्रूची, शाई डिक जिओर्दानोची. दोन नायक भेटले की आधी गैरसमजातून भांडणार आणि मग हातमिळवणी करणार, ही रूढी इथेही आहे. पण सुपरमॅनशी भांडणात स्पायडर-मॅन टिकणार कसा? म्हणून सुपरमॅनचा शत्रू लेक्स लुथर स्पायडर-मॅनवर लाल सूर्याच्या किरणांचा मारा करतो आणि त्या बळावर काही काळ तो सुपरमॅनच्या तोडीचा होतो. तोडगा थोडा ओढून आणलेला आहे, पण त्यामागे विचार आहे. सुपरमॅनची ताकद आपल्या पिवळ्या सूर्यामुळे आहे आणि लाल सूर्यापुढे ती चालत नाही, हाच नियम वापरून तफावत भरून काढली आहे. वाईट अंकात लेखक एवढेही कष्ट घेत नाही. बलवान नायक अचानक दमतो किंवा मूर्खासारखा वागतो, कारण दुसऱ्याला जागा करून द्यायची असते. असं दिसलं की बिनदिक्कत लिही.

आपल्याकडच्यांना हा प्रश्न राज कॉमिक्समुळे चांगला ठाऊक आहे. नांदेड-परभणीच्या स्टॉलवरून आणलेले ते अंक इथल्या एका अख्ख्या पिढीने वाचले आहेत. अंगातून साप काढणारा, विषारी फुंकर मारणारा नागराज एकीकडे, आणि कुठलीच दैवी शक्ती नसलेला, सर्कशीत वाढलेला, डोकं आणि कसरत यांच्यावर जगणारा सुपर कमांडो ध्रुव दुसरीकडे. हे दोघं ज्या विशेषांकांत एकत्र येतात, तिथे मी नेहमी एवढंच बघतो की ध्रुवची हुशारी पानावर प्रत्यक्ष दिसते का. तो परिसरातल्या वस्तूंचा उपयोग करून वाट काढतो तेव्हा तो नागराजच्या बरोबरीला येतो. "तू फार हुशार आहेस" असं नागराजने नुसतं म्हणून ते होत नाही.

आता चित्रांकडे. तुझ्या मजकुरात चित्रांबद्दल एकच वाक्य आहे: "चित्रे आकर्षक आहेत." हे खोडून टाक. टोळीच्या अंकात चित्रकारावर जेवढा भार असतो तेवढा दुसऱ्या कशात नसतो. एका चौकटीत पाच-सहा माणसं, प्रत्येक जण ओळखू यायला हवा, कुणाकडे बघायचं ते कळायला हवं, आणि बोलण्याचा क्रमही चुकता कामा नये.

याची नजर तयार करायला तुला लांब जायची गरज नाही. वेरूळला कैलास लेण्यात सभामंडपाच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर रामायण कोरलेलं आहे, एकाखाली एक आडव्या पट्ट्यांत. उत्तरेकडे महाभारत आहे. एकही अक्षर नाही, रंग आज उरलेला नाही, आकृत्या लहान आहेत, गर्दी भरपूर आहे, आणि तरी हनुमान कुठला, रावण कुठला हे सांगावं लागत नाही. शेपटी, दहा डोकी, उभं राहण्याची ढब यावरून डोळा त्यांना शोधून काढतो. कॉमिक्सच्या चित्रकाराला हेच करायचं असतं. डोळे किलकिले करून पान बघ. चेहरे आणि बारकावे धूसर झाले, नुसत्या काळ्या आकृत्या उरल्या, तरी कोण कोण आहे हे कळतंय का? कर्बीच्या पानांवर कळतं. हल्कचा ढिगासारखा देह, थॉरचा उडणारा अंगरखा, आयर्न मॅनचं तेव्हाचं बोजड सोनेरी चिलखत. मग अजिंठ्याच्या १७व्या लेण्यात जा. तिथे चौकटीच नाहीत, एकाच भिंतीवर तोच माणूस पुन्हा पुन्हा येतो आणि गोष्ट पुढे सरकते. चौकटी नसताना नजर कशाच्या आधाराने पुढे जाते, कुणाच्या हाताची दिशा, कुणाची वळलेली मान तिला ढकलते, हे तिथे नीट बघ. परत येऊन कॉमिक्सचं पान उघडलंस की पानाची बांधणी वेगळीच दिसायला लागेल.

गर्दी काढण्यात जॉर्ज पेरेझच्या तोडीचा चित्रकार माझ्या वाचनात दुसरा नाही. २००३-०४ मध्ये जस्टिस लीग आणि अव्हेंजर्स यांची चार अंकांची भेट निघाली. लेखक कर्ट ब्युसिक. ही भेट १९८० च्या दशकातच व्हायची होती, पेरेझने काही पानं काढलीही होती, पण दोन कंपन्यांचं जमलं नाही आणि काम थांबलं. तिसऱ्या अंकाच्या मुखपृष्ठावर दोन्ही टोळ्यांचे आजवरचे दोनशेहून अधिक सदस्य आहेत. नुसता आकडा मोठा म्हणून मी कौतुक करत नाही. प्रत्येकाचं उभं राहणं वेगळं आहे, प्रत्येकाचा चेहरा त्याचा आहे. कथा मध्येच गुंतागुंतीची होते, हे मान्य. पण चौथ्या अंकात सुपरमॅनच्या एका हातात थॉरचा हातोडा आणि दुसऱ्या हातात अव्हेंजर्समधल्याच कॅप्टन अमेरिकाची ढाल येते, तेव्हा आपला पहिला प्रश्न आठव. हे दोन्ही टोळ्या भेटल्याशिवाय घडलंच नसतं. लढाई संपल्यावर तो हातोडा पुन्हा उचलायला जातो आणि त्याला तो उचलत नाही. लायक असेल त्यालाच हातोडा उचलतो, ही गरजेपुरती ढिली झालेली अट पुन्हा लागू होते. पाहुण्याला मान दिला, घरच्या नियमालाही धक्का लावला नाही. असं प्रसंगाचं तोलून मापून लिहिणं दुर्मीळ आहे.

रंगांचंही बघायचं. अव्हेंजर्समध्ये हिरवा, सोनेरी, निळा असे रंग आपोआप वेगळे पडतात. सुपरमॅन आणि स्पायडर-मॅन दोघंही लाल-निळे, म्हणून तिथे ओळख रेषेवर आणि ढबीवर टिकवावी लागते. संवादाचे फुगे कुठे ठेवले आहेत तेही तपास. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. उत्तर देणारा डावीकडे आणि विचारणारा उजवीकडे काढला, तर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदतात आणि वाचणारा अडखळतो. पाच बोलणारे असले की हा घोळ हमखास होतो.

पूर्ण पानभर एकच चित्र दिसलं की थांब. अमेरिकी अंकात गोष्टीची पानं साधारण वीस-बावीस. त्यातलं एक अख्खं पान एका चित्राला देणं म्हणजे मोठी उधळण. ती कशासाठी केली? टोळी पहिल्यांदा एकत्र उभी राहते त्या क्षणासाठी असेल तर सार्थ. नुसता ठोसा दाखवायला असेल तर चित्रकाराने पोस्टर काढलं आहे. आणि पान उलटल्यावर काय दिसतं ते बघ, कारण धक्का तिथेच दडवलेला असतो. तू मोबाइलवर एकेक चौकट मोठी करून वाचलंस असं लिहिलं आहेस. गोष्ट वाचायला ते ठीक, परीक्षणाला नाही. छापील अंक मिळाला तर उत्तम, नाही तर टॅबवर किंवा संगणकावर पूर्ण पान एका नजरेत येईल असं उघड. चौकट लहान का, शेजारची मोठी का, हे पान तुटल्यावर कळत नाही.

संवादांबद्दल फार सांगायची गरज नाही. नावं झाकून वाच. कोण बोलतंय ते बोलण्यावरूनच ओळखू आलं तर लेखक चांगला. थॉरच्या तोंडी जुनाट भारदस्त भाषा आहे म्हणून तो ओळखू येतोच. खरी परीक्षा बाकीच्यांची.

आपल्या भागात लिहिताना एक गोष्ट मात्र विसरू नकोस: नवा वाचक. उदगीर, गंगाखेड, भोकरच्या पोरांच्या हाती असे अंक सलग येत नाहीत. एखादा अंक मित्राकडून येतो, एखादा रद्दीतून. आज टोळीच्या अंकांतली बरीच गोष्ट दहा दुसऱ्या मालिकांत विखुरलेली असते. "हा एकटा अंक घेऊन वाचला तर कळेल का?" याचं उत्तर परीक्षणात स्पष्ट असायला हवं. तपासायचा सोपा उपाय आहे. घरातल्या, कॉमिक्स न वाचणाऱ्या कुणाला तरी पहिली पाच पानं दे आणि मग विचार, यात कोण कोण आहे आणि कुणाला काय हवंय? १९६३ चा तुझा अंक या परीक्षेत सहज पास होतो. हल्क आणि थॉर आधीच्या अंकांतून आलेले असले तरी प्रत्येकाची ओळख दोन-तीन चौकटींत होऊन जाते. ही गोष्ट आजच्या अनेक अंकांना जमत नाही, म्हणून ती कौतुकाने लिही.

आता तुझा मजकूर दुरुस्त कसा करायचा ते सांगतो. कथा पाच-सहा वाक्यांत आण, त्यातही चुकलेल्या संदेशाला मध्यभागी ठेव. अंक साठ वर्षांहून जुना आहे, म्हणून शेवट सांगितलास तरी हरकत नाही. नव्या अंकाचा मात्र सांगू नकोस. सुरुवात "स्टॅन ली हे थोर लेखक होते" या वाक्याने केली आहेस, ती काढ आणि थेट मुंग्यांच्या चौकटीपासून सुरू कर. त्यानंतर मुखपृष्ठ आणि आतली पानं यांच्यातलं अंतर, मग वास्प, मग कर्बीची गर्दी. आयर्न मॅनला एक वाक्य पुरे. पाचांना समान जागा द्यायचं बंधन तुझ्यावर नाही, अंकानेही ती दिलेली नाही. पुढच्याच अंकात हल्क टोळी सोडून जातो हे ठाऊक असेल तर लिही. पाचांतला जो सगळ्यांत एकटा, त्याला ती टोळी मानवली नाही, हे पहिल्या अंकातच कुठे कुठे दिसतं ते शोधून काढलंस तर तुझं परीक्षण सरांच्या अपेक्षेच्याही पुढे जाईल.

श्रेयाच्या ओळीत तू फक्त स्टॅन लीचं नाव दिलं आहेस. त्यात जॅक कर्बीचं नाव घाल. त्याच्या पेन्सिलीवर शाई चढवली डिक एअर्सने आणि अक्षरं काढली सॅम रोझेनने, तीही नावं घाल.